शंभरपैकी अकरा

कॉम्प्युटरच्या डब्ब्याला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, ही त्याची रीतच असावी असं माझं सुरुवातीला प्रामाणिक मत होतं. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात त्या वेळी, म्हणजे एकोणीसशे नव्व्याण्णव साली, घरी कॉम्प्युटर असलेली माणसं इतकी थोडी होती की विचारायचं तरी कुणाला? ऑफिसात एक होता, पण तो रेग्झिनच्या झग्यात असायचा आणि त्याला साहेबांशिवाय कुणी हात लावत नसे. साहेबही लावत नसत.

पण धक्क्यांचा क्रम चुकायला नको. पहिला धक्का विजेचा नव्हता. तो टेलिफोनमधून बसला आणि पुण्याहून आला.

माझी मुलगी ईरा त्या वर्षी एमएस्सी करत होती. नागपूरला मेहुणीच्या मुलीच्या लग्नात तिची आणि पुण्याच्या कुशल नावाच्या मुलाची ओळख झाली, पत्ते दिलेघेतले गेले, आणि पुढं काय झालं ते आईबापांना कळतं तेवढंच आम्हाला कळलं. मुलगा चांगला होता, कॉम्प्युटरच्याच नोकरीत होता. त्याची आई पौर्णिमाबाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. एका रविवारी त्यांनी ईराशी बोलायला म्हणून फोन केला. लाइन अशी की विहिरीच्या तळाशी बसून कुणी बोलतंय. मी शेजारीच रिसीव्हरला कान लावून उभा होतो.

"सध्या काय करतेस?" पौर्णिमाबाईंनी विचारलं.

"मी एमएस्सी करतो," ईरा म्हणाली.

पलीकडे रिसीव्हर या कानावरून त्या कानावर गेल्याची खरखर. मग, "मला ईराशी बोलायचं आहे."

"हौ, मीच बोलतो."

यात धक्का बसण्यासारखं काही आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं, हाच खरा धक्का. आमच्याकडे बाया 'करतो, जातो, येतो' असंच म्हणतात. माझी आई म्हणायची, माझी बायको आशालता म्हणते. आम्ही हस्तक मंडळी पिढ्यान्पिढ्या सरकारी नोकरीत. ऑफिसात हिंदी, बाजारात हिंदी, आणि घरी जे बोलतो त्याला आम्ही आजवर मराठी समजत होतो. पौर्णिमाबाईंनी मग फोन माझ्याकडे मागितला आणि फार गोड शब्दांत सांगितलं की मुलगी छान आहे, फक्त भाषेकडे जरा लक्ष द्यावं, आणि दिवाळीनंतर त्या कुशलला घेऊन आमच्याकडे येतील. मी "हौ" म्हणणार होतो. जीभ चावली आणि "होय" म्हणालो. ते 'होय' इतकं परकं निघालं की आशालतानं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं, कोण पाहुणा आला म्हणून.

तिचं म्हणणं सरळ होतं. पोरगी गुणाची आहे, शिकलेली आहे, पुण्यात राहिली की तिथलं बोलणं आपोआप येईल. पण माझ्या पुढं प्रश्न हस्तक घराण्याच्या इभ्रतीचा होता. त्याच आठवड्यात नागपूरचा भाचा आला आणि त्यानं पुस्तक प्रदर्शनात एका ढिगाऱ्यातून उचललेली एक सीडी मला दिली. नाव, 'सुबोध मराठी: बोलता संगणक'. डबीवर लिहिलं होतं की एक बाई शुद्ध मराठीत वाक्य म्हणतील, ते आपण माइकवर म्हणायचं, आणि संगणक आपल्या उच्चाराला शंभरपैकी गुण देईल. डबीच्या मागं बारीक अक्षरांत असंही होतं की यासाठी मल्टिमीडिया असलेला संगणक लागेल. माझ्याकडे मल्टिमीडिया नव्हता आणि संगणकही नव्हता. पण असल्या फुटकळ अडचणींनी थांबायचा माझा स्वभाव नाही.

योग असा की ऑफिसातला तो झगेवाला कॉम्प्युटर नेमका तेव्हाच लिलावात निघाला. आमचं ऑफिस जंगलाच्या कामाचं. नाव सांगत नाही, माझी पेन्शन अजून तिथूनच येते. बोली लावणारा मी एकटाच होतो, तेव्हा तो मला मिळाला. खरी परीक्षा तो फाटकाबाहेर काढण्याची होती. त्या पंधरवड्यात राजभाषा पखवाडा चालू होता आणि एकही कागद इंग्रजीत काढायचा नाही असा वरून आदेश होता. आमच्या स्टोअरच्या बाबूनं गेटपास निष्ठेनं हिंदीत केला. कीबोर्डचं कुंजीपटल झालं, तिथवर ठीक. मॉनिटरचा त्यानं, जणू तो शाळेच्या वर्गातला असावा तसा, 'कक्षा-नायक, एक नग' केला. विंडोजच्या फ्लॉपी होत्या, त्यांच्यापुढं 'खिड़कियाँ, सात नग' आणि शेवटी 'चूहा, एक नग'.

फाटकावरच्या चौकीदारानं तो कागद मोठ्यानं वाचला. मग तो चार पावलं मागं गेला आणि इमारतीच्या खिडक्या मोजू लागला. त्या सगळ्या जागेवर आहेत अशी खात्री झाल्यावर त्यानं मला अदबीनं सांगितलं की जंगलाच्या ऑफिसातून प्राणी बाहेर न्यायचा तर रेंजर साहेबांची सही लागते, मग तो चूहा का असेना. मी माऊस काढून दाखवला. त्यानं तो उलटापालटा करून पाहिला.

"साहब, इसमें तो पूँछ ही पूँछ है," तो म्हणाला.

रेंजर साहेब दौऱ्यावर होते. रिक्षात कक्षा-नायक मांडीवर घेऊन मी घरी आलो आणि चूहा तीन दिवस चौकीत अटकेत राहिला. या काळात ऑफिसात ज्यानं त्यानं माझ्याजवळ उंदराची चौकशी केली. मी वीस वर्षं त्या ऑफिसात होतो. माझ्या तब्येतीची तेवढी चौकशी कधी झाली नव्हती.

मल्टिमीडिया गोंदियात मिळत होता. छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीनं गेलो आणि एक खोकं घेऊन आलो. त्यात सीडी घालायचं यंत्र, आवाजाचं कार्ड, दोन स्पीकर, एक माइक आणि हिरव्या कागदाची एक घडी. दुकानदारानं मशीनचं वय विचारलं, मी सांगितलं, आणि तो डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाकडे पाहतात तसा माझ्याकडे पाहू लागला. इतक्या जुन्या मशीनवर हे आपोआप चढणार नाही, तो म्हणाला. हातानं चढवावं लागेल. सगळं कागदात लिहिलं आहे. आता आडनावच हस्तक असल्यावर हातानं करायच्या कामाला मी भ्यायला नको होतं. पण तो इंग्रजी कागद उघडला आणि माझ्या लक्षात आलं की त्यातलं एकही वाक्य क्रियापदानं संपत नाही.

तेव्हा मी बस स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासच्या प्रेमलाल सरांना बोलावलं. सरांनी मशीनकडे दुरूनच पाहिलं आणि म्हणाले, "फॉर्मेट करना पड़ेगा." मी म्हटलं, अहो, अजून आपण काहीच केलं नाही. तरी ते म्हणाले, फॉर्मेट. चहा झाला, पोहे झाले, फॉर्मेटवरून ते हलेनात. नंतर मला कळलं की क्लासमधल्या पोरांचा पंखा बंद पडला तरी सर आधी हेच म्हणतात. सात खिडक्या मी कोणत्या हालांनी आणल्या होत्या ते मलाच ठाऊक. त्या पुसून टाकायला मी काही तयार झालो नाही.

मग एका सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून मीच डब्बा उघडला. आवाजाच्या कार्डावर मुंगीएवढी एक काळी टोपी होती. ती एका दांडीवरून काढून दुसऱ्या दांडीवर बसवायची, असं कागदात चित्र होतं. टोपी काढली, ती उडाली आणि दिसेनाशी झाली. घर झाडलं, सतरंजी झटकली, मी जमिनीवर पालथा पडून पाहिलं. दुपारी आशालता तांदूळ निसायला बसली, आणि खडा म्हणून जे तिनं बाजूला टाकलं ते तेच होतं. टोपी बसवण्यासाठी मी डब्ब्यात हात घातला आणि मला पहिला खराखुरा, विजेचा धक्का बसला. मी मागं फेकला गेलो तो थेट तांदळाच्या सुपात.

शेजारचे घनश्यामजी तेवढ्यात आलेच. ते बिजलीच्या कामात आयुष्य घालवलेले, मूळचे हिंदीवाले, पण आमच्या गल्लीत राहून मराठी बऱ्यापैकी बोलतात. त्यांनी टेस्टर लावून पाहिलं आणि निदान केलं की माझ्या घराला अर्थिंगच नाही. इतकी वर्षं मी, माझी बायको, माझी मुलगी या घरात जिवंत कशी राहिलो याचंच त्यांना नवल वाटलं. ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की मलाही वाटू लागलं. उपाय एकच, अंगणात माणूसभर खोल खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, वर मीठ आणि कोळसा.

खड्डा अर्ध्यावर आला आणि पाण्याचा नळ फुटला. आधी आमच्या घराचं पाणी गेलं, मग गल्लीचं. नळाच्या माणसानं येऊन सांगितलं की खणण्याची परवानगी खणण्याआधी काढायची असते. हे त्यानं मला मी गुडघाभर चिखलात, खड्ड्याच्या तळाशी उभा असताना सांगितलं, आणि गल्लीतल्या बाया रिकाम्या बादल्या घेऊन वरून पाहत होत्या. एकीनं विचारलं की हस्तकभाऊंनी विहीर काहून खोदायले घेतली. दुसरी म्हणाली, पोरीले मराठी शिकवायसाठी. यावर पहिलीनं पुढं काही विचारलं नाही, नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याचं दुःख मला पाण्याच्या दुःखापेक्षा मोठं होतं. घनश्यामजी मात्र शांत होते. ओल चांगली, म्हणाले, अर्थिंगला ओल लागतेच.

अर्थिंग झालं. मग कागदातल्या ओळी एकेक अक्षर पाहून टाइप केल्या. मशीन पुन्हा चालू केलं तर सगळी काच काळी आणि कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकतेय. मी काहीही दाबलं तरी ती लुकलुकत राहायची, साहेब समोर फाइल ठेवून नुसते पाहत बसतात तशी. दोन दिवसांनी ईरानं कॉलेजातून येता येता खांद्यावरून पाहिलं आणि शून्याच्या जागी मी इंग्रजी 'ओ' टाइप केला आहे हे दाखवलं. तो सुधारला तर मशीननं नवीनच तक्रार केली, आवाजाच्या कार्डाला जो नंबर पाहिजे तो प्रिंटरनं धरून ठेवला आहे. माझ्याकडे प्रिंटर नव्हता. कधीच नव्हता. नसलेला प्रिंटर नंबर अडवून बसला होता, जसे बदली होऊन गेलेले आमचे एक साहेब सरकारी बंगला अडवून बसले होते. साहेबांपुढं ऑफिसनं जे केलं तेच मी केलं. नव्या माणसाला दुसरी जागा दिली.

आणि मग एका संध्याकाळी स्पीकरमधून आवाज आला. तो आवाज असा होता की आशालतानं हातातली पणती खाली ठेवली. एखादा रेडा मराठी शिकत असावा तसा. "न… म… स्का… र." मी कागदातली आणखी एक ओळ दुरुस्त केली. रेडा हळूहळू माणसात आला, आणि शेवटी स्वच्छ, खणखणीत बाईचा आवाज आमच्या बैठकीत घुमला. आधी बारीकसं घसा खाकरणं, मग वाक्य.

"हं… नमस्कार. आपण कसे आहात?"

"बरा आहे," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

त्या बाई प्रत्येक वाक्याआधी तसंच घसा खाकरायच्या. पहिला धडा होता, 'मी बाजारातून भाजी आणते.' ईराला बसवण्याआधी वडीलधाऱ्या माणसानं उदाहरण घालून द्यावं म्हणून मी माइक हातात घेतला, पुरुषाला शोभेल असं 'आणतो' केलं, आणि सावकाश, स्पष्ट वाक्य म्हटलं. मशीननं थोडा विचार केला. काचेवर आकडा आला. शंभरपैकी अकरा.

शाळेत मराठीत मला कधी साठच्या खाली गुण नव्हते. मी पुन्हा म्हटलं. नऊ. आशालतानं, मला ढकलून नव्हे पण जवळजवळ ढकलूनच, माइक घेतला. तिला तेवीस. त्या दिवसापासून तिची चालच बदलली. आणि माझा खरा अपमान अजून व्हायचाच होता. तिसऱ्यांदा मी तोंड उघडणार तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरनं शिटी दिली, आणि मशीननं ती ऐकल्याबरोबर गुण दिले, एक्क्याण्णव. खाली फुलांचं चित्रही दाखवलं आणि लिहिलं, 'उत्तम! असेच बोला.'

दुसऱ्या दिवशी घनश्यामजींनी सहज म्हणून प्रयत्न केला. अठ्ठ्याहत्तर. ते त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं, आणि त्यानंतर ते माझं मराठी दुरुस्त करू लागले. मी 'पाह्यलं' म्हटलं की ते डोळे मिटून 'पाहिलं' म्हणत. बालाघाटात जन्मलेल्या मराठी माणसाला हे घनश्यामजींकडून ऐकावं लागलं. सकाळ-संध्याकाळ सरावाला ते आमच्याकडेच येऊन बसायचे, चहासकट.

राहिली ईरा. ती त्या मशीनपुढं बसायलाच तयार नव्हती. मी समजावलं, रागावलो, पौर्णिमाबाईंचा 'जरा' तिला पुन्हा सांगितला. एका संध्याकाळी तिनं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "बाबा, मी एवढी वाईट बोलतो का?"

या मुलीनं मला पहिल्यांदा हाक मारली तीही याच बोलीत. अंगणात खड्डा खणला, नळ फोडला, उंदीर सोडवून आणला, हे सगळं मी हिच्यासाठी करतोय असं समजत होतो, आणि हिला त्यातून एवढंच कळलं होतं की तिच्यात काही खोट आहे. विजेचा धक्का कोपरापर्यंत येतो. हा कुठवर गेला ते मी सांगू शकत नाही. "नाही वो माय," एवढंच मी म्हणालो आणि उठलो.

पण ती त्या बाईंचं ऐकत होती, हे मात्र खरं. एका दुपारी मला स्वयंपाकघरातून तोच खणखणीत आवाज आला, "हं… मी बाजारातून भाजी आणते," आणि मशीन चालू राहिलं की काय म्हणून मी धावत गेलो. तिथं ईरा हातात वांगं घेऊन उभी होती आणि आशालता पदरात तोंड घालून हसत होती. ते घसा खाकरणं, तो 'ते'वरचा ठसका, सगळं हुबेहूब. आशालता त्या सीडीतल्या बाईला 'सवत' म्हणायची. मी दोघींना सांगितलं की कुणाची अशी नक्कल करू नये. मग ईरानं माझी नक्कल केली.

दिवाळी झाली आणि पाहुण्यांचा दिवस उगवला. माझा बेत पक्का होता. मशीनवर कापड टाकायचं, तो विषयच काढायचा नाही, आणि सगळ्यांनी मिळून कमी बोलायचं. पण मी पाहुण्यांसाठी रिक्षा पाहायला कोपऱ्यावर गेलो तेवढ्यात घनश्यामजी आपल्या सरावाला आले आणि त्यांनी कापड काढलं. पाहुण्यांची रिक्षा मला चुकवून दुसऱ्याच वाटेनं गेली. मी परत येतो तर पौर्णिमाबाई आणि कुशल आमच्या दारात उभे, बैठकीत मशीन चालू, घनश्यामजी माइक धरून बसलेले, आणि स्पीकरमधून आवाज आला, "हं… नमस्कार. आपण कसे आहात?"

त्याच क्षणी दारातल्या पौर्णिमाबाईंनी आमच्या आशालताला हात जोडले. "हं… नमस्कार. आपण कसे आहात?"

मी मशीनकडे पाहिलं. मग बाईंकडे. आशालताच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. आमच्यात सगळ्यात आधी सावध झाले ते घनश्यामजी. ते उठून उभे राहिले आणि देवळात जोडतात तसे हात जोडून म्हणाले, "ये तो वही हैं."

पौर्णिमाबाई पिशवी खाली ठेवून मशीनजवळ आल्या.

"हा माझा आवाज आहे," त्या म्हणाल्या.

कुशललाही ठाऊक नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. शाळेत शिकवत असताना एका छोट्या कंपनीची माणसं आली होती, आवाज चांगला आहे म्हणून. मे महिन्याच्या दुपारी एका कोंदट खोलीत बसून त्यांनी सगळी वाक्यं म्हटली. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. त्यांचा घसा सारखा सुकत होता. कंपनीवाल्यांनी सांगितलं होतं की हा आवाज गावोगाव जाईल. पुढं कंपनीच बंद झाली, सीडी कुणी विकत घेतल्याचं त्यांच्या कानावर आलं नाही, आणि त्यांच्याकडे तेव्हा संगणक नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःही ती कधी ऐकली नाही. लोक हसतील म्हणून घरीही बोलल्या नाहीत.

"मला वाटायचं, ते सगळं वायाच गेलं," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. पहिला धडा त्यांनी पूर्ण ऐकला. मग दुसरा. स्वतःच्याच आवाजाला त्या मधूनमधून मान डोलावत होत्या. मी पाहत होतो आणि मला उगीचच भरून येत होतं. आशालतानंही तोंड फिरवलं, पण ते तिनं 'सवत' शब्द आठवून फिरवलं असावं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण घनश्यामजींनी अतिशय आदरानं माइक त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाले, गुरुमाँ, एक बार आप भी. मी डोळ्यांनी खुणा केल्या, त्या त्यांना दिसल्या नाहीत. पौर्णिमाबाई हसल्या, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "मी बाजारातून भाजी आणते."

मशीननं विचार केला. सात.

पुण्यात तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईंना, त्यांच्याच आवाजाशी ताडून, माझ्या घरात, माझ्या मशीननं शंभरपैकी सात गुण दिले. लग्न मोडलं, मी मनात म्हटलं. खड्डा बुजवलेला होता, नाहीतर मी त्यात जाऊन उभा राहिलो असतो. तोवर कुशल डब्ब्यामागं वाकला होता. त्यानं वर पाहून हळूच सांगितलं, "काका, माइकची पिन भलत्याच भोकात आहे. हा आजवर कुणाचंच ऐकत नव्हता. नुसती घरघर मोजत होता."

म्हणजे माझे अकरा खोटे, आशालताचे तेवीस खोटे. कुकरचं कळलंच नाही. घनश्यामजी मात्र ठाम राहिले; बाकीच्यांचं माहीत नाही, म्हणाले, पण आमचे अठ्ठ्याहत्तर खरे होते. कुशल पिन काढून नीट बसवायला लागला तर पौर्णिमाबाईंनी त्याला थांबवलं आणि ईराकडे वळल्या.

"तू शिकलीस का यावरून?"

ईरा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मला तिच्या तोंडावर तो वांग्याच्या दुपारचा भाव दिसला. मी मान हलवून नाही नाही म्हणत होतो. तिनं घसा खाकरला, अगदी तसाच, आणि त्या बाईंच्याच आवाजात, त्यांच्याच ठसक्यात म्हणाली, "हं… मी बाजारातून भाजी आणते."

घनश्यामजींनी वळून स्पीकरकडे पाहिलं.

"माझं खाकरणंसुद्धा?" पौर्णिमाबाई म्हणाल्या.

"सीडीत होतं, म्हणून तेही शिकली," ईरा म्हणाली. मग ती चौकट सोडून पुढं आली. "काकू, मी हे असं बोलू शकतो. पण हे तुमचं आहे. माझं येगळं आहे. दिवसभर घरात तुमच्या आवाजात बोलत राह्यली तर मले कंटाळा येईन, अन् तुमालेही येईन. मी अशीच बोलतो. चालत नसन तर आजच सांगा."

कुशलनं पिन हातात धरून आईकडे पाहिलं. पौर्णिमाबाई ईराकडे पाहत राहिल्या, वर्गात एखादं पोर भलताच पण बरोबर प्रश्न विचारतं तेव्हा शिक्षक पाहतात तशा. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि ईराला बसायची खूण केली.

"मग तुझं कसं आहे ते म्हण."

"मी बाजारातून भाजी आणून राह्यली."

"मी बाजारातून भाजी आणून राहिले आहे," पौर्णिमाबाई म्हणाल्या.

ईरानं मशीनसारखाच थोडा विचार केला. "वीस," ती म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. पण बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा म्हटलं. पंचवीस. 'आहे' कशाला, असं ईरानं समजावलं. जे होऊन राह्यलं ते तर दिसतेच. बाईंनी ते पटल्यासारखी मान हलवली. आशालतानं मधेच तिच्या बाजूनं दोन सूचना केल्या. घनश्यामजींना तोंड उघडायची बंदी झाली. पोहे गार झाले, जेवण झालं, ताटं उचलली गेली आणि खुर्च्या पुन्हा तिथंच आल्या. आमच्या बैठकीत त्या दिवशी लग्नाबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही, आणि ते ठरलं आहे हे कुणाला सांगावंही लागलं नाही.

गाडीची वेळ झाली. मी रिक्षा आणून दारात उभी केली. कुशलनं पिशवी उचलली आणि आईला घड्याळ दाखवलं.

"थांब रे," पौर्णिमाबाई त्याच्याकडे न पाहताच म्हणाल्या, "मी अजून नापास होऊन राह्यले."

"राह्यले नाही, काकू," ईरा म्हणाली. "राह्यली."